बंडी राखणारा

इंदूर, १२ एप्रिल १९५५

रा. रा. उदयसिंहराव यांस,

आपलं कार्ड मिळालं. पाच वर्षांत आपल्याकडून आलेला हा पहिला मजकूर. "मे महिन्याच्या मध्याला मोठी झुंज आहे. कपडे राखायला ये." खाली नाव, त्याखाली दादरच्या एका स्टुडिओचा पत्ता. कसा आहेस नाही, जिवंत आहेस का नाही. सरकारी समन्सातसुद्धा याहून जास्त जिव्हाळा असतो.

शिवाय कार्डावरचं अक्षर आपलं नाही. बेटम्याच्या शाळेत आपण एका बाकावर बसत होतो. आपली वेलांटी कायम शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर बसते, हे मला पाठ आहे. इथं एकेक अक्षर मोत्यासारखं. हे कुणा शिकलेल्या माणसाचं काम आहे, आणि शिकलेला माणूस मला गोड बोलून कुठं बोलावतो तेव्हा मी आधी खिसा चाचपतो.

हे 'आपण' मला झेपत नाही. तूच म्हणतो. रागात तू म्हटलेलं चालतं.

राजधानी गेल्या आठवड्यात इंदुरात आली. तू गेलास तेव्हापासून हा तमाशा चालूच आहे: आमच्या मध्यभारताचं सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला नांदतं. दोन बायका केलेल्या माणसासारखं ते सारखं सामान बांधतं, आणि दोन्हीकडे त्याला जेवण आवडत नाही. आम्ही सचिवालयातले कारकून फायलींच्या पेट्यांवर बसून मागोमाग. मी आता हेडक्लार्क आहे, म्हणजे पेटीवर न बसता पेटीशेजारी बसतो. शशिकला सोबत येते, त्यामुळे हिवाळाभर इथल्या घराला कुलूप.

तर कुलूप काढलं आणि शेजारच्या नव्या बिऱ्हाडातल्या गंगूबाई लगेच ओसरीवर आल्या. "भाऊसाहेब, थंडीत एक जण तुमच्या दारी येऊन बसला होता. धिप्पाड. काळा चष्मा. मी विचारलं, कोण हवंय? तर म्हणाला, कोणी नाही, असाच. दुपारभर पायरीवर बसला. मग उठला, कुलपाला हात लावून बघितला आणि निघून गेला."

काळा चष्मा, तोही थंडीत! मी तेव्हाच म्हटलं, हा हेर आहे. कुणाचा ते कळेना. आता कळलं.

कळलं कसं, ते सांगतो. तोपखान्याजवळच्या टॉकीजात 'तहखाने का शेर' नावाचं स्टंट पिक्चर लागलंय. आमच्या ऑफिसातला लक्ष्मीकांत दोन दिवस माझ्याकडे बघून गालात हसत होता. शेवटी राहवेना त्याला. "अच्युतजी, पिक्चर बघून या भिया. काय काम केलंय तुम्ही!"

"मी?"

"म्हणजे तुमच्यासारखा आहे एक जण. हूबहू. बस, मूंछ जास्त आहे."

काल तीनच्या खेळाला गेलो. टांगेवाल्यानं घोळ घातल्यामुळे सुरुवातीच्या पाट्या चुकल्या. आत शिरलो तेव्हा पडद्यावर अप्पासाहेबांची कोठी! खोटी नाही, खरी. तेच तळघर, तीच वाळू, वरच्या झरोक्यांतून तेच भर दुपारचं ऊन. मध्ये हिरो झुंजतोय, आणि त्याच्या पाठीमागे त्याची बंडी मांडीवर घेऊन, काळा कोट घालून, गुडघ्यांत छत्री धरून बसलेला कोण? मी. मूंछवाला मी. हा मी आधी एका शेठकडून चोरून सोन्याचं मनगटी घड्याळ लाच म्हणून घेतो. मग हिरो जिंकत असताना बंडी वाळूत टाकून झुंज थांबवतो आणि घड्याळाकडे बघून हसतो. सगळं थिएटर ओरडलं, "गद्दार!" मागच्या रांगेतल्या एकानं भुईमुगाची टरफलं फेकली, ती माझ्यावर पडली. नेम पडद्याचा होता, पण बसली योग्य माणसाला.

हिरोचा चेहरा कुणा गोऱ्यागोमट्या पोराचा होता. पण तो पाठमोरा झाला की पाठ तुझी. उजव्या फऱ्याखाली बैलगाडीचा खिळा घुसल्याचा व्रण, कंबरेला तोच बाक. जी पाठ मी इतकी वर्षं समोर ठेवून बसलो ती मेकअपनं लपते होय?

मध्यंतरात मी उठून घरी आलो.

आता हिशेब सरळ आहे. पाच वर्षांपूर्वी तुझ्या झुंजीत मी टाकलेली बंडी सगळ्या तळघरानं बघितली होती. पण घड्याळ? ते सासऱ्यांनी माझ्या बढतीबद्दल दिलेलं. मी ते त्या दुपारनंतर पहिल्यांदा बांधलं, तुझ्याच घरी यायला. तू दार किलकिलं केलंस, माझ्याकडे बघितलंस आणि दार लावलंस. दुसऱ्या दिवशी तू मुंबईला. म्हणजे घड्याळाची गोष्ट कंपनीला सांगणारा एकच.

आणि वर बोलावतोस, कपडे राखायला! पुढच्या पिक्चरसाठी मूंछ आणखी वाढवायची आहे का? मी येणार नाही.

अच्युत

इंदूर, २१ एप्रिल १९५५

उदयसिंह,

तुझं दुसरं कार्ड आलं. पुन्हा तीच मोत्यांची माळ. "पत्र मिळालं. वाचून घेतलं. घड्याळाचं मी कोणाशी बोललो नाही. ये."

वाचून घेतलं! माझं खाजगी पत्र तू दुसऱ्याकडून वाचून घेतलंस? कंपनीत एवढा मोठा झालास की पत्रं वाचायला माणूस ठेवलास? उद्या दाढी करायला एक ठेव आणि जांभया द्यायला एक. शशिकला म्हणाली, "काम असेल त्यांना." मी म्हटलं, काम नाही, मस्ती आहे.

तर जो कोणी हे वाचून दाखवत असेल, त्या सद्गृहस्था, चार शब्द तुझ्यासाठी. तुझ्या साहेबानं तुला काय तिखटमीठ लावून सांगितलंय मला ठाऊक नाही, म्हणून मूळ पदार्थ वाढतो.

उदयसिंहाचे आजोबा होळकरांच्या फौजेत होते आणि हा स्वतः दरबारचा पहेलवान. संस्थान विलीन झालं, मध्यभारत झालं. आम्हा कारकुनांना नव्या सरकारनं सामावून घेतलं, कारण कारकून कुठल्याही सरकारात मावतो. पहेलवानाचा खुराक मात्र नव्या सरकारच्या कुठल्याच खात्यात बसेना. तिकडे जहागीरदार दिवसभर पानं खात बसलेले. त्यांना करमेना आणि पहेलवानांचं पोट भरेना. मग अप्पासाहेबांच्या कोठीच्या तळघरात झुंजी सुरू झाल्या. कुस्ती नाही. कुस्तीला कायदा असतो. इथं ठोसा, लाथ, पकड, सगळं चालायचं. म्हणून पोलिसांपासून लपवायचं, आणि म्हणून वेळ भर दुपारची: वैशाखात बारानंतर सगळं इंदूर पडदे ओढून झोपतं आणि पोलीस सगळ्यांत गाढ.

या खेळाला एकच रीत होती. झुंजणारा हार मानत नाही. जमिनीवर हात आपटला तर तोंड दाखवायला जागा नाही. हार मानायचा अधिकार त्याच्या कपड्यांच्या माणसाचा. झुंजणारा आपल्या हातानं बंडी काढून त्या माणसाच्या हातात देतो आणि वाळूत उतरतो. तो माणूस त्याच्या पाठीमागे बसतो. त्यानं बंडी वाळूत टाकली की झुंज संपली, मग झुंजणारा जिंकत असो की मरत असो. आणि का टाकलीस, हे विचारायचं नाही. झुंजणाऱ्यानं नाही, बघणाऱ्यांनी नाही, कधीच नाही. कारण विचारायला लागलं तर पुढच्या वेळी टाकणाऱ्याचा हात अडखळेल, आणि एखादा जिवानिशी जाईल. पहेलवानांच्या डोक्यातून निघालेली ही एवढीच शहाणी गोष्ट मला माहीत आहे.

सन पन्नासच्या मे महिन्यात महूच्या छावणीतल्या एका फौजी बॉक्सरशी याची झुंज झाली. फौजी लंगडत होता. हा जिंकत होता. मी बंडी टाकली. का, ते यानं विचारलं नाही. मी सांगितलं नाही. रीत आहे.

एवढंच. आता तू पुढचं वाच.

उदयसिंह, तू विचारलं नाहीस हे खरं, पण ज्या तोंडानं दार लावलंस ते तोंड विचारण्यापेक्षा वाईट होतं. रीत तोंडाला असते, डोळ्यांना नसते का? मी तुझ्या सगळ्याच गोष्टी झाकल्या. त्या उन्हाळ्यात तू सियागंजात भरल्या बाजारी डाव्या बाजूनं आलेल्या टांग्यासमोर गेलास आणि घोड्यालाच शिव्या दिल्यास, ते मी घरी तरी बोललो का? जाऊ दे. लिहायला नको होतं.

इथं माझी काय दशा आहे ते ऐक. ऑफिसात मला सगळे वेळ विचारतात. शिपाई चहा देतो आणि विचारतो, "साहेब, किती वाजले?" लक्ष्मीकांत भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाखाली उभा राहून माझ्या मनगटाकडे बघतो. "सोन्याचं आहे का अच्युतजी? नाही, सहज पूछून राहिलो." मी घड्याळ काढून कपाटात ठेवलं. तर काल म्हणतो, "सबूत मिटवला काय भिया?"

शशिकलेला सांगितलं, तर ती निवडत होती ती पालेभाजी तशीच धरून म्हणाली, "तुम्ही पिक्चर अर्धंच बघितलंत ना?"

"अर्धं पुरतं."

"आणि सुरुवात?"

"सुरुवातीला पाट्या असतात."

"म्हणजे डोकं नाही आणि पाय नाहीत. नुसत्या पोटावरून माणूस ओळखलात. मला घेऊन चला, पुरं बघू."

मी म्हटलं, माझ्या बदनामीला दोन तिकिटं काढणार नाही.

पण एक मान्य करतो. तुला खोटं बोलता येत नाही. त्यासाठी लागते ती अक्कल तुझ्याकडे कधी नव्हती. घड्याळाचं तू बोलला नाहीस असं तुझं कार्ड म्हणतं. मग बोललं कोण? रविवारी अप्पासाहेबांकडे जातो. कोठी त्यांची, तळघर त्यांचं, म्हणजे कंपनीनं त्यांचे पाय धरलेच असणार. तुझ्यावरचा संशय मागे घेतलेला नाही. त्याला फक्त शेजारी आणून बसवतो आहे.

अच्युत

इंदूर, २९ एप्रिल १९५५

उदयसिंह,

अप्पासाहेबांकडे जाऊन आलो.

कोठीच्या पुढच्या दालनात आता एका विमा कंपनीचं ऑफिस आहे. अप्पासाहेब मागच्या दोन खोल्यांत राहतात आणि तिथूनही दरबारच भरवतात. मला बघून उठले नाहीत, फक्त हुक्क्याची नळी बाजूला केली. "या अच्युतराव, या. बघितलंत? आमची स्टोरी!"

"तुमची?"

"मग कोणाची? पाटी नाही वाचली? पहिलीच पाटी. आमचं नाव, आमची कोठी, साभार. मोठ्या अक्षरांत."

मी पाट्या चुकवल्या होत्या, हे त्यांना सांगितलं नाही. तूही सांगू नकोस, आणि हे वाचून दाखवणाऱ्यानंही.

"कंपनीवाले जागा बघायला आले होते," ते म्हणाले. "मी म्हटलं, जागा काय घेताय, स्टोरी पण घ्या. सगळी सांगितली. झुंज, बंडी, घड्याळ."

"घड्याळ?"

"का, नव्हतं? झुंजीनंतर त्याच आठवड्यात तुम्ही माझी सतरंजी परत द्यायला आलात. मनगटावर हे चकाकतंय! मी त्या झुंजीत माझा विलायती ग्रामोफोन पैजेत घालवून बसलेला. म्हटलं, वा, इकडे आमचं गाणं बंद पडलं आणि तिकडे यांची टिकटिक चालू झाली."

"ते सासऱ्यांनी दिलं होतं."

"असेल. पण सासरा पिक्चरमध्ये शोभत नाही."

मी छत्री घट्ट धरली. मारायला नव्हे, धरायला काहीतरी हवं म्हणून. मग विचारलं, उदयसिंहानं काय सांगितलं कंपनीला? त्यावर ते खो खो हसायला लागले.

"तो? अहो त्यानं तर शूटिंग बंद पाडलं! या थंडीत इथंच चालू होतं, खाली. तुम्ही तिकडे ग्वाल्हेरला. कंपनीवाले म्हणाले, बंडी पडली की वळून त्या मूंछवाल्याच्या छातीत लाथ घालायची. हा म्हणतो, नाही होणार. का? तर म्हणे, ज्यानं टाकली त्याला काहीतरी दिसलं असेल. विचारायचं नसतं, आणि लाथ तर मुळीच मारायची नसते. बसला वाळूत मांडी घालून. डायरेक्टर नाचला, शिव्या दिल्या, हाकलून देईन म्हणाला. हा आपला बसलेला. शेवटी लाथ हिरोनं स्वतः मारली आणि पाय मुरगळून घेतला. पुढच्या सगळ्या झुंजी मग यालाच कराव्या लागल्या."

उदय, हे मी शेवटपर्यंत ऐकलं. मी म्हटलं, हुक्का छान आहे.

निघताना ते म्हणाले, "तुमच्या घरी गेला होता तो. परत आला तो उदास. म्हणाला, कुलूप आहे. काळा चष्मा घालायला लागलाय हल्ली, तळघरात उतरतानाच काढायचा. पिक्चरवाल्यांची स्टाईल. आता म्हणे याहून भारी झुंज आहे. गिरणीच्या गच्चीवर, अगदी कठड्याशी. खाली जाळी नाही की गादी नाही. हिरो चढत नाही म्हणे वर. उदयसिंह चढणार."

म्हणजे माझा हेर तूच. माझ्या पायरीवर दुपारभर बसलास आणि गंगूबाईंना स्वतःचं नावसुद्धा सांगितलं नाहीस! नाव सांगितलं असतंस तर त्यांनी ग्वाल्हेरचा पत्ता दिला असता, वर चहा पाजला असता. आणि कुलपाला हात कशाला लावलास? दिसत होतं की दारावर एवढं मोठं लोखंड.

पत्र इथं संपवणार होतो, पण संशयाची सवय आहे, जात नाही. अप्पासाहेबांवरचा राग आता नीट पिकला आहे, तुझ्यावरचा उतरला आहे. तरी काहीतरी खुपतं. तू स्टाईल करणारा माणूस नाहीस. ज्यानं आयुष्यात केसांचा भांग पाडला नाही तो काळा चष्मा घालेल? ज्याला वेडीवाकडी का होईना, सही आपली आपण जमत होती, तो दोन ओळींचं कार्ड दुसऱ्याकडून लिहून घेईल? यात काहीतरी आहे. तू माझ्यापासून काहीतरी लपवतो आहेस, आणि तुला लपवता येत नाही, म्हणून ते मोठं असणार.

मी येणार की नाही ते अजून सांगत नाही. आधी पिक्चर पुरं बघतो. शशिकलेनं उद्याची म्हणून दोन तिकिटं आणवली आहेत. उद्या मला ऑफिसात दांडी मारावी लागेल. लक्ष्मीकांत म्हणेल, घड्याळ विकायला गेला.

अच्युत

इंदूर, १ मे १९५५

उदय,

हे पत्र वाचून दाखवणाऱ्या भल्या माणसा, आधी खोलीचं दार लाव. कंपनीचं कोणी आसपास असेल तर हे नंतर वाच. मग हळू आवाजात वाच.

काल पिक्चर पुरं बघितलं. पाट्यांपासून. अप्पासाहेबांचं नाव खरंच मोठं आहे. पहिला अर्धा भाग शशिकलेनं कमरेला पदर खोचून बघितला. मूंछवाला आला तसा माझ्या दंडाला चिमटा काढला. "छत्री मात्र तुमचीच आहे." टरफलं या वेळी आली नाहीत, लोकांना बहुतेक पाठ झालं असेल. दुसऱ्या अर्ध्यात मी पस्तावतो, हिरोसाठी गोळी छातीवर घेतो आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून मरतो. मरताना बराच वेळ बोलतो. शशिकला म्हणाली, "छान मेलात. घरी एवढं बोलला असतात तर."

मी हसलो नाही. मी तेव्हा तुझ्याकडे बघत होतो.

पहिल्या वेळी मी पिक्चरभर मूंछवाल्याकडे बघत बसलो. माझी नाचक्की, माझी छत्री, माझं घड्याळ. राखणाऱ्याचं काम एकच असतं, झुंजणाऱ्याच्या पाठीवरून नजर हलवायची नाही, आणि मी तेच विसरून आरशात बघत होतो. काल नजर हलवली नाही.

आता जे रीतीनं सांगायचं नसतं ते सांगतो. तू विचारलेलं नाहीस, तेव्हा रीत मोडली तर माझी मोडली.

राखणारा मागे बसतो. त्याला झुंजणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. पण ठोसा यायच्या आधी पाठ बोलते. ज्या बाजूनं ठोसा येणार त्या बाजूचा खांदा कणभर आवळतो. कितीही निधड्या छातीचा माणूस असो, पाठ त्याचं ऐकत नाही. तुझी पाठ मी अशी वाचायचो, जशी माझी बायको माझी जांभई वाचते. सन पन्नासच्या त्या उन्हाळ्यात तुझा डावा खांदा गप्प झाला. सराफ्यात पोहे खाताना तू शेव ताटलीच्या डावीकडे ओतलीस, माझ्या धोतरावर, आणि मी काही बोललो नाही. टांग्याचं तर लिहिलंच मागे. मग ती झुंज. फौजीचे तीन ठोसे डाव्या कानशिलावर आले आणि तुझा डावा खांदा तिन्ही वेळा झोपलेला. तू जिंकत होतास. चौथा ठोसा आला असता तर तू उठला नसतास, आणि तुला डावीकडचं दिसत नाही हे तुला कळण्याआधी सगळ्या तळघराला कळलं असतं. मी बंडी टाकली.

काल पडद्यावर शेवटच्या झुंजीत उजवीकडून ठोसा आला. जोरदार. तुझा उजवा खांदा हलला नाही. पुन्हा आला. पुन्हा नाही. थिएटरात शिट्ट्या. "क्या मार खाता है!" माझ्या शेजारचा माणूस खुर्चीवर उभा राहिला. लक्ष्मीकांत म्हणेल, पिक्चर आहे, मार खोटा असतो. असेल. पण खोट्या मारालाही माणूस दचकतो. दचकत नाही तो एकच माणूस, ज्याला मार येताना दिसतच नाही.

मग चष्मा कळला. मोत्याचं अक्षर कळलं. "वाचून घेतलं" कळलं. तू कुलपाला हात लावून बघितलास तो का, तेही कळलं. आणि दार किलकिलं करून, फटीला डावा डोळा लावून, माझ्याकडे न बघता माझ्या पलीकडे बघत होतास, ते पाच वर्षांनी कळलं. मी समजलो, तोंड फिरवलंस. तू तर फक्त अंधारात उभा होतास.

शशिकलेनं विचारलं, "काय झालं? रडताय का काय?" मी म्हटलं, मूंछवाला मेला ना. तिनं माझ्या हातातली छत्री काढून घेतली आणि म्हणाली, "गाडी किती वाजता आहे?" तिला अजून काही सांगितलेलं नव्हतं.

हे तू का लपवतोस ते मला कळतं. ज्याला दिसत नाही त्याला कंपनी गच्चीवर चढवणार नाही, आणि गच्चीवर चढला नाहीस तर खाणार काय? तू त्यांना फसवतो आहेस आणि ते मजेत फसत आहेत, कारण जाळीचा खर्च वाचतो. मात्र तू मला बोलावलंस. फुशारकीसाठी नाही, आता मला माहीत आहे. कठड्याशी उभं राहिल्यावर खाली काय आहे हे सांगणारं कोणी पाठीमागे असावं म्हणून.

खायचं काय, यावर इथं आल्यावर भांडू. एवढं सांगतो की नोव्हेंबरात आमची राजधानी पुन्हा ग्वाल्हेरला पळणार, आणि माझ्या घराला हिवाळाभर राखणारा हवा आहे. कुलपावर माझा विश्वास उरलेला नाही. गेल्या थंडीत एक धिप्पाड हेर ते चाचपून गेला. घर लहान आहे, दोन दिवसांत पाठ होईल. पायरी तर तुला आधीच पाठ आहे. गंगूबाईंना मी तुझं नाव सांगून ठेवलं आहे, त्या चहा देतील. बोलतीलही खूप, त्याला इलाज नाही.

सकाळच्या गाडीनं निघतो. खंडव्याला गाडी बदलायची. हे पत्र बहुधा माझ्या आधी पोचेल, त्याच्याबरोबर सामान नाही. माझ्याबरोबर छत्री, शशिकलेनं बांधून दिलेले लाडू आणि घड्याळ. घड्याळ मुद्दाम बांधतो आहे. तुझ्या कंपनीला बघू दे.

तुला एवढंच करायचं आहे. मी येईपर्यंत अंगातली बंडी काढू नकोस. डायरेक्टर नाचू दे, हिरो रडू दे, तू वाळूत बसलास तसा बसून राहा. ते तुला चांगलं जमतं. मी आलो की गच्चीवर, सगळ्यांसमोर, रीतीप्रमाणे ती माझ्या हातात दे.

मी ती तिथल्या तिथे, पहिला ठोसा पडायच्या आधी, खाली टाकीन.

आणि रीत तुला माहीत आहे. का, ते विचारायचं नाही.

तुझा,
अच्युत